डाव्या हाताचं काम

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पियानो शोधत कुणी हिंडू नये. पेटी मात्र गावोगाव आहे. किन्हवली, डोळखांब, टोकावडे, धसई, कुठेही जा, भजनी मंडळ म्हटलं की पखवाज, टाळांचे जोड आणि पेटी एवढं सामान असतंच. कुठे ते देवळाच्या खोलीत कुलपात असतं, कुठे बुवांच्या ओटीवर कापडात बांधून ठेवलेलं. गेल्या काही वर्षांत या पेटीच्या शेजारी आणखी एक वाद्य येऊन बसलं आहे. कंपनी कुठलीही असो, त्याला सगळे ‘कॅसिओ’च म्हणतात. हळदीच्या रात्री तो बेंजोवाल्यांबरोबर असतो, गणपतीत मंडपात असतो, आणि आता हरिनाम सप्ताहातही हळूच शिरला आहे. तो वाजवणारा मुलगा बहुधा पेटीवरच शिकलेला असतो. त्यामुळे कॅसिओही तो पेटीसारखाच वाजवतो. उजव्या हातात चाल, आणि डावा हात मांडीवर.

ही छोटी पुस्तिका त्या मांडीवरच्या डाव्या हातासाठी आहे.

पेटीवाल्याचा डावा हात पिढ्यान्‌पिढ्या भात्याला जुंपलेला होता. मुळात तसं नव्हतं. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते पायाने भाता हलवायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. आपल्याकडचा गवई जमिनीवर मांडी घालून बसणार, मग पायाने भाता मारायचा कसा? कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताच्या भात्याची सुटसुटीत पेटी लोकप्रिय केली आणि हा प्रश्न मिटला. पेटी काखोटीला मारून कुठेही नेता येऊ लागली, पण एक हात त्यात कायमचा गेला. आपल्या संगीताला त्याचं फारसं दुःख झालं नाही, कारण आपल्याला एका वेळी एकच सूर हवा होता, आणि त्याला एक हात पुरत होता.

संगीत नाटकांत मात्र पायपेटी टिकली. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन होता. पुढे गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकाने ऑर्गन आणि पेटी दोन्हींवर सारखंच राज्य केलं. ऑर्गनवर डावा हात खालच्या सप्तकात भरणा करू शकत होता, म्हणून नाट्यगीताची साथ एवढी भरीव वाटते. तिसरी तऱ्हा अ‍ॅकॉर्डिअनची. तिथे डावा हात भाताही ओढतो आणि बटणंही दाबतो, आणि एकेका बटणातून अख्खा कॉर्ड निघतो. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं वादन ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना डावा हात काय करू शकतो हे वेगळं सांगायला नको.

कीबोर्डला भाताच नाही. वीज किंवा बॅटरी तेवढं काम करते. म्हणजे आपल्या पेटीवाल्याचा हात दीडशे वर्षांनी सुटला आहे आणि त्याचं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या मते सगळ्यात आधी त्याने एक मेजर कॉर्ड शिकावा.

मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध गंधार आणि पंचम हे तीन सूर एकदम दाबणं. एवढंच. हे तिन्ही सूर पेटीवरच्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच येतात. तो ते एकामागून एक वाजवतो, इथे ते एकाच वेळी वाजवायचे. पांढरी एकचा सा धरा. डाव्या हाताची करंगळी पांढरी एकवर, मधलं बोट पांढरी तीनवर, अंगठा पांढरी पाचवर. अनामिका आणि तर्जनी मधल्या दोन पांढऱ्यांवर नुसत्या टेकलेल्या. पाच बोटं, पाच पट्ट्या, त्यांतल्या तीनच खाली जायच्या.

ऐकायला सोपं आहे. बसलात की पहिली अडचण अनामिकेची येते. मधलं बोट दाबलं की ती त्याच्यामागे ओढली जाते आणि गंधाराबरोबर रिषभही वाजतो. दुसरी अडचण करंगळीची. ती दुबळी, म्हणून तिचा षड्ज किंचित मागून येतो आणि कॉर्ड एकसंध न वाजता सांडल्यासारखा वाजतो. यावर उपाय म्हणजे आधी मधलं बोट विसरून जायचं. करंगळी आणि अंगठा, सा आणि प, एवढेच दोन सूर एकदम पडायला लागले की मग मधलं बोट घालायचं. जोर बोटांनी लावायचा नाही, हाताचं वजन खाली सोडायचं. पेटीवर पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही, तो भात्यावर असतो. पियानोवर आणि बऱ्या कीबोर्डवर मात्र पट्टी ज्या वेगाने खाली जाते तसा आवाज लहान-मोठा होतो. पेटीवाल्यांना हे लवकर उमगत नाही. ते बोटं टणक करून दाबत राहतात आणि मग मनगट दुखतं म्हणून सोडून देतात.

बैठकीचंही बघायला हवं. आपल्याकडे कीबोर्डचा स्टँड लग्नाच्या स्टेजवर दिसतो, देवळात नाही. देवळात तो सतरंजीवर ठेवतात आणि वाजवणारा त्याच्यावर ओणवा होतो. त्यापेक्षा दोन पाट किंवा चौरंग घ्यावा. कोपर आणि पट्ट्या साधारण एका पातळीत आल्या की निम्मं काम झालं.

आता सा बदलला तर? बुवा काही नेहमी पांढरी एकमध्ये गाणार नाहीत. इथे एक हिशेब पाठ करावा, चार आणि तीन. साच्या पट्टीपासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून चार घरं पुढे गंधार, गंधारापासून तीन घरं पुढे पंचम. हा हिशेब बाराही ठिकाणी खरा ठरतो. आणि बारा म्हणजे काही बारा वेगळे आकार नव्हेत. पांढरी एक, चार आणि पाच यांचे कॉर्ड सगळे पांढरे. पांढरी दोन, तीन आणि सहा यांत दोन्ही टोकं पांढरी आणि मधलं बोट काळीवर. काळी एक, दोन आणि चार यांत नेमकं उलट, टोकं काळी आणि मधलं बोट पांढरीवर. काळी चारचा सा घेतलात तर पुढच्या सप्तकातली पांढरी एक हा गंधार आणि काळी दोन हा पंचम. हाताला हा आकार पांढरी एकपेक्षाही सुखाचा वाटतो, कारण लांब बोट खोलात जातं आणि आखूड बोटं काळ्या पट्ट्यांच्या कडेला आपसूक बसतात. उरले तीन हट्टी. काळी तीनचा कॉर्ड पूर्ण काळा आहे. काळी पाचमध्ये सा तेवढा काळा आणि बाकी दोन पांढरे, पांढरी सातमध्ये सा तेवढा पांढरा आणि बाकी दोन काळे. झाले बारा.

या सगळ्याला बगल देणारं एक बटण कीबोर्डवर असतं, ट्रान्सपोजचं. ते दाबून पट्टी सरकवली की बोटं पांढरी एकवर आणि आवाज काळी चारचा. मला या बटणाबद्दल सोवळेपणा नाही. स्केल चेंजर पेटीत तीच गोष्ट लाकडाच्या फळीने होते आणि तिला कुणी नावं ठेवत नाही. पण बटणावर विसंबलेला मुलगा दुसऱ्या गावच्या साध्या पेटीवर बसला की अडतो. शिवाय पखवाज एकदा लागला, धुमेवर कणीक चढली, शाईची बाजू साला मिळाली, की मग कीबोर्डवाल्याने बटणांशी खेळ करून चालत नाही. दोन-तीन पट्ट्या तरी खरोखर हातात असाव्यात. माझं म्हणणं पांढरी एक, काळी एक आणि काळी चार.

दुसरं एक बटण मात्र मला खटकतं. काही कीबोर्डवर डाव्या बाजूला एकच पट्टी दाबली की आतून आख्खा मेजर कॉर्ड वाजतो, वर ढोलकी-ड्रमचा तयार ताल सुरू होतो. मुलाला वाटतं कॉर्ड आला. आलेला काहीच नसतो. कुठले तीन सूर वाजले हे त्याने ऐकलेलंही नसतं. आणि तो तयार ताल चार मात्रांच्या चौकोनात बसवलेला, तर आपला पखवाजी गजर चढायला लागला की लय वाढवणार. यंत्र मागे राहतं, सगळे टाळकरी यंत्राकडे बघतात. ते बटण बंद ठेवा.

एक कॉर्ड हातात बसला की तो वाजवायचा कधी? भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत पहिल्या आणि पाचव्या मात्रेला. पियानोचा सूर हातोडी तारेवर आपटून निघतो आणि लगेच विरायला लागतो, म्हणून पियानोचा आवाज लावला असेल तर कॉर्ड मात्रेवर नेमका पडला पाहिजे. ऑर्गनचा आवाज लावला असेल तर तो धरून ठेवता येतो, पेटीसारखा. सुरुवातीला धरून ठेवणं सोपं आणि देवळात शोभूनही दिसतं. मग याच चालीने आणखी दोन कॉर्ड येतात. पांढरी एकचा सा धरून म, ध आणि वरचा सा हा एक. प, नि आणि वरचा रे हा दुसरा. दोन्ही मेजरच, दोन्हींत चार आणि तीनचाच हिशेब. या तीन कॉर्डमध्ये सातही शुद्ध स्वर येऊन जातात, म्हणून शुद्ध स्वरांची कुठलीही साधी चाल तीन कॉर्डांवर उभी राहते. चाल ज्या सुरावर थांबते तो सूर ज्यात आहे तो कॉर्ड घ्यायचा. दोन कॉर्डांत असेल तर दोन्ही वाजवून बघा, एक चुकीचा आहे हे कानच सांगतो.

इथपर्यंत वाचून एखादे बुवा पुस्तिका मिटवतील आणि म्हणतील, ही इंग्रजी थेरं अभंगात कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याला मी दोन उत्तरं देतो, आणि तिसऱ्या ठिकाणी बुवांची बाजू घेतो.

पहिलं उत्तर तंबोऱ्याचं. नीट लागलेल्या तंबोऱ्यात गंधाराची तार नसते, तरी खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कंप पावणाऱ्या तारेतून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही उठतात. तिप्पट म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे गंधार. म्हणजे सा, ग, प हे त्रिकूट प्रत्येक तंबोऱ्यात आधीपासून वाजतं आहे. त्यांचं प्रमाण ४ : ५ : ६ असं स्वच्छ आहे. कीबोर्डवर ते तसंच्या तसं मिळत नाही हेही खरं. मधल्या सप्तकातली पांढरी एक २६१.६ कंपनांची, तर तिचा तंबोऱ्यातला गंधार ३२७.० चा हवा. कीबोर्ड देतो ३२९.६. किंचित चढा. पंचम मात्र जवळपास अचूक. पेटीवर जाणकारांचा राग याच गोष्टीसाठी होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी नोकरीतले अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची पेटी बनवून घेतली ती याच खटपटीतून. तुमच्या मंडळात जुनी पेटी आणि नवा कीबोर्ड शेजारी वाजणार असतील, तर दोन्हींवर पांढरी एक एकदम दाबून ऐका. आवाज लाटेसारखा हलला तर कीबोर्डच्या ट्यूनिंगच्या सोयीतून तो पेटीला मिळवून घ्या. पेटी कीबोर्डला मिळवण्याच्या भानगडीत पडू नका, त्यासाठी स्वर घासावे लागतात.

दुसरं उत्तर इतिहासाचं. परकं म्हणाल तर पेटीच परकी. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी केली आणि ती तीसएक वर्षं टिकली; रवींद्रनाथांनाही ती नको होती. त्या काळात रेडिओवर पेटी नव्हती आणि आपल्या एकाही देवळातून ती हलली नाही. कॉर्डचं तेच झालं आहे. गोव्याच्या चर्चशाळांत सोलफा आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले आणि हिंदी चित्रपटांच्या चालींखाली त्यांनी कॉर्ड लिहिले. शंकर-जयकिशनकडचे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले ठळक. प्यारेलाल हे अँथनी यांचे शिष्य; १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचं नाव आलं ते त्यामुळेच. मराठीत केशवराव भोळ्यांनी प्रभातमध्ये पियानो आणि हवाईयन गिटार आणली होती. कसाऱ्याच्या लोकलमध्ये टाळ वाजवत जाणारा माणूस घरी हीच गाणी ऐकत मोठा झाला. त्याच्या कानाला कॉर्ड नवा नाही, हाताला आहे.

आता बुवांची बाजू. कॉर्ड येऊ लागला की मुलगा तो सगळीकडे दाबतो, आणि तिथे आपल्या संगीताचं खरंच वाटोळं होतं. मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आहे. चाल भैरवीतली असेल तर गंधार कोमल. वर गायक कोमल गंधार लावतो आणि खाली डावा हात शुद्ध गंधार ठणकावतो. भजनाचा शेवट भैरवीने व्हायचा, त्यामुळे रात्रभर चांगली गेलेली साथ नेमकी शेवटी नासते. तिथे मधलं बोट एक घर मागे, म्हणजे कोमल गंधारावर आणायचं. तोच मायनर कॉर्ड. पण प्रत्येक रोगाला हे औषध नाही. दुर्गात गंधारच नाही, तिथे सावरचा मेजरही नको आणि मायनरही नको. म, ध, सा चालतो. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणजे सा-ग-प धरण्याचा प्रश्नच संपला, तिथे सा आणि म पुरे. यमनात सा-ग-प शोभतो, पण मध्यम तीव्र असल्यामुळे शुद्ध मध्यमावरचा तो दुसरा कॉर्ड तिथे शत्रूच; त्याऐवजी रिषभावरचा मेजर, रे, तीव्र म आणि ध. भूपात मध्यम आणि निषाद दोन्ही नाहीत, म्हणून सा-ग-प सोडला तर दुसरा मेजर बसतच नाही, आणि बसवूही नये.

रागाचं नाव माहीत नसेल तर? आपल्याकडे बऱ्याच चाली बुवांकडून बुवांकडे तोंडी आल्या आहेत, राग कुणी विचारत नाही आणि विचारून उपयोगही नाही. अशा वेळी मधलं बोट उचलायचं. सा आणि प उरतात, म्हणजे पंचमाचा तंबोरा. तो मालकंसासारखे पंचम वर्ज्य असलेले राग सोडले तर जवळपास कुठेही खुपत नाही. मी तर म्हणेन, मधलं बोट कधी उचलावं हे ज्याला कळलं त्याला कॉर्ड आला. तीन सूर एकदम दाबता येणं ही त्याची पूर्वतयारी.

पुस्तिकेत पुढे जे येतं ते याच क्रमाने आहे. आधी एक हात, एक कॉर्ड. मग दुसऱ्या पट्ट्या. मग तीन कॉर्ड. शेवटी दोन्ही हात. पाश्चात्त्य नोटेशन मुद्दाम टाळलं आहे. काळी-पांढरी आणि सारेगम यांत सगळं सांगता येतं, आणि ते आपल्या मुलांना येतं. ज्यांना पुढे परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांना नोटेशन शिकावंच लागेल. ते कल्याण-ठाण्याच्या क्लासमध्ये शिकता येईल. घेताना कीबोर्ड एकसष्ट पट्ट्यांचा आणि पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचा घ्यावा. खेळण्यातल्या बारीक पट्ट्यांवर मोठ्या माणसाची बोटं मावत नाहीत, आणि काहींवर तीन सूर एकदम वाजतही नाहीत, तेव्हा दुकानातच तीन पट्ट्या दाबून बघाव्यात.

बुवांना एक विनंती आहे. मुलाने सप्ताहात कीर्तनाला कॉर्ड वाजवावा असं मी म्हणत नाही. तिथे महाराजांच्या मर्जीने आणि पेटीनेच चालावं. पण एकादशीच्या भजनात, गावातल्या सरावाला, एखाद्या गजराला त्याला डावा हात चालवू द्या, आणि चुकला तर कुठे चुकला ते सांगा. तुमच्याइतकं ते कुणाला कळणार नाही.

आणि ज्यांच्याकडे कीबोर्ड नाही त्यांनी थांबायचं कारण नाही. पेटी समोर घ्या आणि पलीकडे घरातल्या कुणालातरी भाता मारायला बसवा. दोन्ही हात मोकळे होतात.